देवळाली कॅम्पातले ‘आर्मी रेशन’: ७८० रुपयांच्या पाकिटाचा हिशोब

नाशिकरोडहून देवळाली कॅम्पाकडे जाताना लष्करी धाटणीच्या वस्तू विकणारी काही दुकाने लागतात. एकीकडे नाशिकरोडचे आर्टिलरी सेंटर आणि दुसरीकडे देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी, त्यामुळे या दुकानांना गिऱ्हाईक कमी पडत नाही. जाड तळव्याचे बूट, हिरव्या सॅक, मच्छरदाण्या, रेनकोट, दोऱ्या असा माल तिथे मिळतो आणि आमच्यासारखी गडकिल्ल्यांवर जाणारी माणसे वर्षातून दोन-तीनदा तिथे हमखास डोकावतात. अलीकडे त्याच दुकानांच्या काउंटरवर ‘आर्मी रेशन’ नावाची हिरवी पाकिटे दिसू लागली आहेत. आमच्या गटातल्या तिघांनी ती विकत घेतली, आणखी चौघांनी ‘घ्यावीत का’ म्हणून मला विचारले. गटाच्या जेवणाची जबाबदारी गेली सात वर्षे माझ्याकडे असल्यामुळे पैसे खर्च करून, वजन करून, गडावर नेऊन आणि घरी खाऊन पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही असे मी ठरवले. हे परीक्षण त्यातून झाले आहे.

प्रथम त्या पाकिटाविषयी. किंमत ७८० रुपये, त्यात घासाघीस नाही. जाड हिरव्या पिशवीत २५० ग्रॅम व्हेज पुलाव, २०० ग्रॅम राजमा, १५० ग्रॅम सुजीचा हलवा, ५० ग्रॅम शेंगदाण्याची चिक्की, चहाची दोन तयार पुडकी, एक प्लास्टिकचा चमचा, घडीची पत्र्याची छोटी शेगडी आणि तिच्यात जाळायला हेक्सामिन या घन इंधनाच्या सहा पांढऱ्या वड्या एवढे सामान निघाले. सगळ्या खाण्याचे वजन ६५० ग्रॅम भरले आणि लेबलांवरचे आकडे मांडून बेरीज केली तेव्हा सुमारे १,२०० कॅलरी झाल्या. म्हणजे १०० कॅलरींना ६५ रुपये पडले. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी तुलना मी त्याच्याशीच केली आहे.

हे खरोखर लष्कराचे रेशन आहे का, हा प्रश्न मी दुकानदारांना सरळ विचारला. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, “नाही हो ताई, आर्मीचा माल नाही हा. त्याच पद्धतीचा बनवून येतो.” आतल्या प्रत्येक पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि छापील किंमत होती, म्हणजे तो बाजारासाठीच बनवलेला माल होता. मला हे उत्तर ऐकून बरे वाटले. जवानांसाठी सरकारी पैशाने घेतलेला शिधा मागच्या दाराने बाजारात येत असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा या दुकानांत ‘सरप्लस’, म्हणजे सैन्याचा शिल्लक माल, हा शब्द बूट, तंबू आणि सॅक यांच्यापुरता खरा मानावा. खाण्याच्या पाकिटाला तो शब्द चिकटवलेला दिसला, तर आपण पैसे हिरव्या रंगाचे देत आहोत की आतल्या अन्नाचे, हे आधी तपासावे.

आतले तंत्र मात्र खरोखरच सैन्यासाठी वाढवलेले आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीने, म्हणजे डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या अन्न प्रयोगशाळेने, भारतीय पदार्थ रिटॉर्ट, म्हणजे दाबाखाली तापवून निर्जंतुक केलेल्या, पाकिटात टिकवण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि पुढे त्या खाजगी कंपन्यांना दिल्या. किराणा दुकानात मिळणारे एमटीआरचे तयार पदार्थ याच तंत्रज्ञानातून आलेले आहेत. पद्धत समजायला सोपी आहे. शिजवलेला पदार्थ अनेक थरांच्या पाकिटात भरतात, आतली हवा काढून तोंड बंद करतात आणि ते पाकीट दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आपल्या घरचा कुकर शिट्टीच्या बेतात असतो तेव्हा आत साधारण एवढेच तापमान असते. साध्या उकळीला न मरणारे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमसारख्या जंतूंचे बीजाणू या तापमानाला मरतात. पाकिटाच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमची फॉइल असते, ती उजेड, हवा आणि ओल यांना अडवते. पाकीट चपटे असल्यामुळे उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते, म्हणून गोल डब्यातल्या भाजीपेक्षा यातल्या भाजीचा लगदा कमी होतो. यात फ्रीजची गरज नाही आणि टिकवण्यासाठी वेगळी रसायनेही लागत नाहीत. एवढे काम त्या पातळ पाकिटाने केलेले असते, हे कळल्यावर त्याच्याविषयी आदर वाटतो.

आता चवीकडे वळते. डिसेंबरात आम्ही साल्हेरला मुक्कामी गेलो. १,५६७ मीटर उंचीचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला आपल्याच जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात आहे आणि वर गुहेत राहायची सोय असल्यामुळे अशा चाचणीला याहून चांगली जागा नव्हती. संध्याकाळी वारा सुटलेला होता. पत्र्याची शेगडी उघडून तिच्यावर अर्धा लिटर पाण्याचे पातेले ठेवले आणि एक वडी पेटवली. वडी काडीने लगेच पेटते, ज्योत निळसर आणि जवळजवळ न दिसणारी असते, त्यामुळे ती विझली असे समजून एकाने हात पुढे केला आणि मी त्याला मागे ओढले. वाऱ्याला आडोसा नसताना पहिली वडी संपली तेव्हा पाणी नुसते कोमट झाले होते. दगडांचा आडोसा करून दुसरी आणि तिसरी वडी लावली तेव्हा कुठे पाण्याला तळाशी बुडबुडे आले. पातेल्याच्या बुडाला तपकिरी, चिकट थर बसला, तो नंतर घरी राखेने घासूनही नीट निघाला नाही. वड्या जळताना उग्र वास येतो आणि त्यातून निघणारा धूर विषारी असतो, म्हणून गुहेच्या आत, तंबूत किंवा बंद खोलीत ही शेगडी अजिबात पेटवू नये. आम्ही ती गुहेच्या तोंडाबाहेर ठेवली होती, तरी वारा फिरला की आत बसलेल्यांचे डोळे चुरचुरत होते.

पाकिटे त्या गरम पाण्यात आठ-दहा मिनिटे ठेवली. इथे रिटॉर्ट पाकिटाचा एक मोठा फायदा प्रत्यक्ष दिसला. साल्हेरच्या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ उघड्या पातेल्यात शिजवायला जास्त वेळ आणि जास्त इंधन लागते. पाकिटातले अन्न आधीच शिजलेले असते, ते फक्त ऊन व्हायला हवे, आणि अगदीच वेळ आली तर थंडही खाता येते. शिवाय ज्या पाण्यात पाकिटे गरम केली ते पाणी वाया जात नाही, भांडी विसळायला उपयोगी पडते. चिक्की आणि चहाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, दोन्ही साधारण होते. राजमा चांगला होता. दाणे अख्खे राहिलेले, रस्सा दाट, मसाला उत्तर हिंदुस्थानी वळणाचा आणि आपल्या तोंडाला थोडा खारट लागणारा. पुलावाने मात्र निराश केले. पाकिटात दाबला गेल्यामुळे भात गोळा होऊन बाहेर आला, मटार पिवळसर पडलेले होते आणि तळाशी तेल साठले होते. पाकीट गरम करण्यापूर्वी बोटांनी हलक्या हाताने चोळून भात मोकळा करावा, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले आणि त्याने बराच फरक पडला.

हलव्यासाठी वेगळे वाक्य लिहायला हवे, कारण तो या पाकिटातला सर्वांत मोलाचा पदार्थ आहे. माझे सासरे तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी घरी दुसरे पाकीट उघडले तेव्हा त्यांनी बाकी कशाकडे न पाहता हलव्याचे पाकीट उचलले, कडेच्या खाचेतून अंगठ्याने फाडले आणि गरम न करताच बोटाने एक घास घेतला. “हा पहिला संपायचा आमच्याकडे,” ते म्हणाले, “थंडीत राजमा गोठल्यासारखा व्हायचा, पण हलवा खाल्ला की अंगात ऊब यायची.” तुपाचा वास खरा होता, रवा भाजलेला लागत होता आणि गोडी अति नव्हती. १५० ग्रॅममध्ये ३७५ कॅलरी, म्हणजे वजनाच्या मानाने पुलाव आणि राजम्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. दमलेल्या माणसाला तिखट जेवण उतरत नाही तेव्हा असा मऊ गोड पदार्थ घशाखाली सहज जातो, हे मी गडावरही पाहिले.

आता तुलना. सॅकमधले वजन तेच, कॅलरी तेवढ्याच आणि आच न लावता खाण्याची सोय तीच ठेवून मी किराणा दुकानातून दुसरे जेवण बांधले. ३०० ग्रॅम राजमा १२५ रुपये, २५० ग्रॅम पुलाव १२० रुपये आणि १०० ग्रॅम शेंगदाण्याची चिक्की ४० रुपये. एकूण ६५० ग्रॅम वजन, सुमारे १,१८० कॅलरी आणि खर्च २८५ रुपये. १०० कॅलरींना २४ रुपये पडले. हिरव्या पाकिटात यापेक्षा जास्त काय आहे, तर शेगडी, वड्या, चमचा, चहा आणि हलवा. शेगडी आणि वड्यांची सुटी किंमत त्याच दुकानात १८० रुपये आहे. ती वजा केली तरी खाण्याचे ६०० रुपये उरतात आणि ते किराणा दुकानाच्या दुपटीपेक्षा जास्त आहेत. जो फरक उरतो तो केवळ सगळे एका पिशवीत बांधून मिळण्याचा आहे. नवख्या माणसाला त्या सोयीचे मोल असू शकते, हे मी मान्य करते. परंतु ज्याने एकदा तरी मुक्कामी ट्रेकसाठी सॅक भरली आहे त्याला ते पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही.

आपली शिदोरी या हिशोबात कुठे बसते, हेही पाहिले, कारण त्र्यंबकहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसांनी चालताना काय खावे हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा यांत १,२०० कॅलरी बांधायला घरचा खर्च साठ रुपयांच्या आत झाला. वजनही साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरले, म्हणजे पाकिटाच्या जवळजवळ निम्मे, कारण रिटॉर्टच्या पाकिटात आपण पुष्कळसे पाणीच पाठीवर वाहत असतो. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ५६७ कॅलरी असतात आणि पुलावात १४०, यावरून फरक कळेल. दशम्यांची मर्यादा एवढीच की त्या दोन-तीन दिवसांच्या पुढे न्यायच्या नाहीत. एका मुक्कामाच्या ट्रेकला मात्र त्यांच्यापुढे कुठलेही पाकीट उभे राहत नाही.

अमेरिकन सैन्याच्या ‘एमआरई’ (मील, रेडी-टू-ईट) या तयार जेवणाच्या पाकिटाविषयी मला सर्वांत जास्त विचारणा होते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. माझ्या भाच्याने अमेरिकेतून येताना एक शाकाहारी पाकीट आणले, त्याला तिथे ते १५ डॉलरला, म्हणजे आपल्या साधारण तेराशे रुपयांना पडले. तेच पाकीट इथे एका ऑनलाइन विक्रेत्याने मला चार हजार रुपयांच्या घरात सांगितले. १९८१पासून त्या सैन्यात चालू असलेल्या या एका जेवणात सरासरी १,२५० कॅलरी असतात. म्हणजे १०० कॅलरींना भाच्याच्या भावाने १०४ रुपये आणि ऑनलाइन भावाने ३२० रुपये. आत टोमॅटोच्या रसातली मॅकॅरोनी, बिस्किटासारखे क्रॅकर, शेंगदाण्याचे लोणी, सरबताची पूड, कॉफी, मीठ-साखर, ओला रुमाल आणि लांब दांड्याचा चमचा असे सामान होते. बांधणी अप्रतिम आहे, हे कबूल केले पाहिजे. प्रत्येक पुडी घट्ट, प्रत्येक खाच अशी की हातमोजे घालूनही फाडता यावी. पण मॅकॅरोनी गोडसर आणि पिचपिचीत लागली आणि घरातल्या कोणीही दुसरा घास घेतला नाही. शेंगदाण्याचे लोणी तेवढे मुलांनी संपवले.

त्या पाकिटाबरोबर मिळणारी, ज्योतीविना अन्न गरम करणारी पिशवी पाहण्याची मला उत्सुकता होती, परंतु विमान कंपनीने ती काढून ठेवायला लावली आणि तिचे कारण योग्य होते. त्या पिशवीत मॅग्नेशियम आणि लोखंडाची पूड मिठाबरोबर असते. तिच्यात थोडे पाणी ओतले की रासायनिक क्रियेने उष्णता निघते आणि पाकीट दहा-बारा मिनिटांत गरम होते, पण त्याच क्रियेतून हायड्रोजन वायूही बाहेर पडतो. म्हणजे ज्या सोयीसाठी आपण एवढे पैसे देतो तीच सोय प्रवासात गळून पडते.

जुने एमआरई घेणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. त्यावर पॅक केल्याची तारीख चार आकड्यांत असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. माझ्या पाकिटावर ४१३२ होते, म्हणजे २०२४ सालचा १३२वा दिवस, ११ मे. मात्र हाच आकडा २०१४च्या पाकिटावरही असू शकतो, कारण वर्षाचा एकच आकडा छापतात. विक्रेत्याने ‘२४चा माल आहे’ म्हटल्यावर नुसत्या त्या आकड्यावरून खात्री पटवून घेता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की उष्णतेने माल खराब झाला का हे दाखवणारा रंग बदलणारा ठिपका बारा जेवणांच्या मोठ्या खोक्यावर असतो, आतल्या सुट्या पाकिटांवर नसतो. सुटे पाकीट विकत घेणाऱ्याच्या हाती ती खूण कधीच येत नाही. शिवाय खोक्यांवर ‘अमेरिकी सरकारची मालमत्ता, व्यापारी पुनर्विक्री बेकायदेशीर’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते, आणि त्यातल्या बऱ्याच जेवणांत गोमांस असते, ज्याच्या आयातीला आपल्याकडे बंदी आहे. एवढ्या अडचणी आणि एवढी किंमत पाहता ट्रेकला खाण्यासाठी एमआरई घेण्यात काहीही अर्थ नाही. कुणाला संग्रहाचा छंद असेल तर तो वेगळा विषय आहे.

उष्णतेचा मुद्दा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अमेरिकी सैन्य आपले हे अन्न २७ अंश सेल्सिअसला किमान ३ वर्षे आणि ३८ अंशांना किमान ६ महिने टिकावे अशी अट घालते. अकरा अंश वाढले आणि मुदत सहाव्या हिश्शावर आली. आपल्या रिटॉर्ट पाकिटांवर साधारण बारा महिन्यांची मुदत असते आणि सोबत ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असे छापलेले असते. नाशिकची हवा थंड म्हणून आपण कितीही अभिमान बाळगला तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात त्याहून वर. तेव्हा पाकिटावरची तारीख अजून चार महिने पुढे असली तरी त्याने कुठल्या छपराखाली उन्हाळा काढला आहे, हे विचारल्याशिवाय ते घेऊ नये. खराब झालेले अन्न लगेच विषारीच होते असे नाही. आधी रंग काळवंडतो, चव उतरते, तेलाला खवट वास येतो, जीवनसत्त्वे कमी होतात. पण ७८० रुपये देऊन तसले अन्न पाठीवर घेऊन साल्हेर चढायचा का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

याचा अनुभव मला आलेला आहे. गेल्या जूनमध्ये, या दुकानात नव्हे तर दुसऱ्याच एका ठिकाणी, पाचशे रुपयांना ‘सरप्लस’ म्हणून अशीच एक पिशवी मिळाली. स्वस्त म्हणून मी दोन घेतल्या. घरी आल्यावर सासऱ्यांनी एकेक पाकीट हातात घेतले. डाळीच्या पाकिटावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यांनी नखाने तिचा कोपरा उचलला तर खाली दुसरी, सात महिने जुनी तारीख छापलेली होती. दुसऱ्या पिशवीतले भाजीचे पाकीट उशीसारखे फुगले होते. “फुगलेलं पाकीट उघडायचंसुद्धा नाही गं,” ते म्हणाले, “आम्ही थेट खड्डा खणून पुरायचो.” उरलेली पाकिटे त्यांनी पाण्याच्या बादलीत बुडवून दाबली. एकाच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली, तिथे घडी पडून फॉइलला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले होते. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. मालकांनी पैसे परत केले नाहीत, ‘सरप्लसची गॅरंटी नसते’ एवढेच सांगितले. हजार रुपये गेले याचे दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग याचा आला की तीच पाकिटे घेऊन कॉलेजची मुले त्याच आठवड्यात हरिहरला जाणार होती. बॉट्युलिनमचे विष अन्नात असले तरी त्याला वास किंवा चव असेलच असे नाही, त्यामुळे ‘खाऊन बघू, वाईट लागले तर टाकू’ ही पद्धत इथे चालत नाही. मी त्या मुलांना गाठून पाकिटे दाखवायला सांगितली, चारपैकी एक फुगलेले निघाले.

तेव्हापासून मी पाकीट घेताना चार कडांवरून बोट फिरवते, सांध्याला सुरकुती किंवा अन्नाचा कण अडकलेला आहे का पाहते, कोपऱ्यांवर कडक घड्या आहेत का पाहते आणि तारीख पाकिटावरच छापलेली असेल तरच घेते, चिकटवलेली असेल तर परत ठेवते. कॅम्पातल्या ज्या दुकानाचे हे परीक्षण आहे तिथे पाचही वेळा माल स्वच्छ, तारखा छापील आणि मुदत किमान सात महिने शिल्लक अशी मिळाली. दुकान पक्क्या बांधणीचे असून पाकिटे आतल्या सावलीच्या खोलीत ठेवतात, हे मी स्वतः पाहिले. किंमत जास्त असली तरी या बाबतीत त्यांना पूर्ण गुण देते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. किराणा दुकानातल्या राजम्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ४६० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेले आहे, म्हणजे ३०० ग्रॅमच्या एका पाकिटात जवळजवळ १,४०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. चढताना घाम गाळलेल्या तरुणाला एका दिवसापुरते हे चालून जाईल, पण सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे आमच्या घरात राजम्याचे पाकीट त्यांच्या ताटात जात नाही.

पाकिटांच्या कचऱ्याचा मुद्दाही गंभीर आहे. साल्हेरच्या गुहेत चुलीच्या राखेत आम्हाला अशीच अर्धवट जळलेली नऊ पाकिटे सापडली. प्लास्टिक जळून गेले होते आणि फॉइलचे चुरगळलेले तुकडे दगडाला चिकटले होते. अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे या पाकिटांवर पुनर्प्रक्रिया करणे अवघड असते आणि ती जाळून नाहीशी होत नाहीत. रिकामे पाकीट जेमतेम दहा ग्रॅमचे असते. भरलेले वर नेता येते, तर रिकामे खाली आणायला कष्ट पडू नयेत. ज्यांना ते जमणार नसेल त्यांनी ही पाकिटे गडावर नेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरात आणीबाणीसाठी ठेवायला ही पाकिटे उपयोगी आहेत का, असेही काहींनी विचारले. याचे उत्तर मी होकारार्थी देईन, मात्र किराणा दुकानातल्या पाकिटांपुरते. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला आणि नाशिकच्या घाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पाण्याखाली गेली, तेव्हा पंचवटीत राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे तळमजल्यावर पाणी शिरले होते. गॅस सिलिंडर खाली, माणसे वर, आणि दीड दिवस सहा माणसांनी फरसाण आणि केळ्यांवर काढला. त्या वेळी वरच्या खोलीत आठ-दहा पाकिटे असती तर लहान मुलांना निदान भात-डाळ मिळाली असती, मग ती थंड का असेना. आता तिच्याकडे आणि माझ्याकडे प्रत्येकी दहा पाकिटे असतात, खर्च साधारण बाराशे रुपये. ती मी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरते, पावसाळा आणि हिवाळा त्यांच्यावर निघतो आणि पुढच्या मार्चपर्यंत ट्रेकला किंवा घाईच्या दिवशी घरी खाऊन संपवते. त्यामुळे कुठल्याही पाकिटावर नाशिकचा उन्हाळा जात नाही.

कॅम्पातल्या दुकानात मी आता एकाच गोष्टीसाठी जाते. मालकांना विनंती केल्यावर त्यांनी हलव्याचे पाकीट सुटे द्यायला सुरुवात केली आहे, १५० ग्रॅमला ९५ रुपये. १०० कॅलरींना २५ रुपये, म्हणजे किराणा दुकानाच्या बरोबरीने, आणि तसला हलवा किराणा दुकानात मला अजून मिळालेला नाही. मागच्या शनिवारी सहा घेतले. चार पुढच्या महिन्यातल्या कळसूबाईसाठी बाजूला काढून ठेवले आहेत, आणि दोन सासऱ्यांनी आपल्या कपाटात नेऊन ठेवले.